गॅस्ट्रिक बायपासनंतर पुन्हा वाढलेले वजन: एंडोस्कोपीने उपाय होतो का?

प्रश्न (मुलुंड): काही वर्षांपूर्वी आईची गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवण्यासाठी जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झाली, परंतु उतरलेल्या वजनापैकी बरेचसे परत आले आहे. पोटावर छेद न देता काही करता येईल का?

उत्तर (दादर): येईल, मात्र आधी एंडोस्कोपीने कारण पाहावे लागते. जठराची लहान पिशवी आतड्याला जिथे जोडलेली असते, ते तोंड रुंदावले असेल, तर अन्न लवकर पुढे सरकते आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. अशा वेळी घशावाटे एंडोस्कोप घालून ते तोंड टाक्यांनी साधारण ८ ते १० मिलिमीटरपर्यंत आवळतात, किंवा आर्गॉन प्लाझ्माने (आर्गॉन वायूतून सोडलेल्या विजेच्या उष्णतेने) कडा भाजून आकसू देतात. दुसऱ्या पद्धतीत बहुधा एकाहून अधिक बैठका लागतात.

उत्तर (ठाणे): स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचा प्रश्न निराळा, तिथे पसरलेली नळीच आतून शिवतात. तीव्र आम्लपित्त असल्यास मात्र बायपासचाच विचार होतो.

उत्तर (गिरगाव): तोंड रुंद नसेल, तर टाके कशासाठी? सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपाटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांविषयी आईंच्या डॉक्टरांना विचारावे. ही इंजेक्शने थांबवल्यावर वजन पुन्हा वाढू शकते, त्यामुळे दीर्घकाळच्या खर्चाचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. प्रथम एंडोस्कोपी करून घेऊ.