गादमाशी-तुडतुड्याले दाद न देणारं धान सांगा जी (बजेट 2,500)

चुलबंदकाठचा
नमस्कार मंडळी. लाखांदूर तालुक्यात तीन एकर, सगळ्या धानाच्याच बांध्या. मागच्या खरिपात एचएमटी जात लावली. दसऱ्यापर्यंत पीक पाहत राहावं असं होतं. दिवाळीच्या तोंडावर मधोमध गाडीच्या चाकाएवढे गोल वाळले, आठ दिवसांत चाकं एकमेकाले भिडली. यंदा कीड न लागणारी जात सांगा. बियाण्याले 2,500 च्या वर जमणार नाही.

देवरीकर
संकरित घ्या, डोळे मिटून. महाग आहे, पण फुटवे मोजता मोजता थकाल. मी पाच एकरात तेच लावतो.

चुलबंदकाठचा
बजेट वर लिहिलं आहे जी.

देवरीकर
बजेटात राहून शेती होत नसते भाऊ.

धुऱ्यावरचा
संकरित मीही आणलं होतं. ऑगस्टात कांद्याच्या पातीसारख्या पोकळ नळ्या निघाल्या. नळी निघाली म्हणजे त्या फुटव्याले लोंब येतच नाही. दुकानदार म्हणे, झिंक कमी आहे. झिंक टाकलं. पैसे गेले, नळ्या तशाच.

मास्तर सिंदेवाही
तो चंदेरी पोंगा, गादमाशीचं काम. मूळ प्रश्नातले वाळलेले गोल मात्र तुडतुड्याचे. तुडतुडा बुंध्याशी बसून रस पिते, गादमाशीची अळी फुटव्याच्या आत. एका किडीले तगणारी जात दुसरीले तगेलच असं नाही, म्हणून 'कीड न लागणारी जात' असं काही नसते. तुडतुड्यासाठी एमटीयू 1010 बरीच सोसते, 120 दिवसांच्या आसपास निघते. गादमाशीले रायपूरची महामाया चांगली. पण गादमाशीचे भारतात सात जैवप्रकार आहेत. तिकडच्या माशीपुढं टिकली म्हणून आपल्या माशीपुढं टिकेलच असं नाही.

वैनगंगा 77
महामायाचे पोहे मस्त होतात. भात मात्र ठोकळ.

खारीबांध
1010 लावा. तुडतुडा लागत नाही.

मास्तर सिंदेवाही
'लागत नाही' नाही, 'सोसते'. फिलिपाईन्समध्ये 1973 साली आयआर 26 ही धानाची जात तुडतुड्याच्या नावानंच आली. दोन-तीन वर्षांत तुडतुड्यानं ती पचवली, मग 1976 ले आयआर 36 काढावी लागली. सगळ्या गावानं एकच जात धरली की हेच होते.

देवरीकर
फिलिपाईन्सचं इथं काय काम? एचएमटी आपल्या कृषी विद्यापीठाची, पीकेव्हीची.

वैनगंगा 77
विद्यापीठाची कशी? नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी पटेल 3 मधून निवडून काढली. नाव घड्याळावरून पडलं. विद्यापीठानं ती शुद्ध करून पीकेव्ही एचएमटी केली, ही मागची गोष्ट.

रोवणेवाली
जातीवरच भांडता तुम्ही. मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधीत रोवणे केले. दहा फुटांवर फूटभर पट्टा सोडा म्हणतात, अन् मालक धुऱ्यावरून ओरडते, जागा वाया कायले घालवता? दाट रोवलं की खाली ऊन नाही, हवा नाही. तिथंच तुडतुडा बसते. एकदा बुंधा फाकवून पाहा, राखेसारखे उडतात. वरून पानं हिरवीच असतात.

खारीबांध
ताई बरोबर. अन् युरिया कमी. आमच्याकडं पावसाची उघाड पडली की गडी पोतंच रिकामं करते.

मास्तर सिंदेवाही
तुडतुडा दिसला तर तीन-चार दिवस बांधीचं पाणी काढा. दुकानातलं पायरेथ्रॉइड मारू नका, तुडतुडे खाणारे कोळी मरतात अन् तुडतुडा उलट वाढते. गादमाशीसाठी रोवणं लांबवू नका, उशिराचं धान तिले पहिलं सापडते.

धुऱ्यावरचा
मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं, पाणी सुटेल तेव्हा रोवणं. आमच्या हातात काय आहे?

चुलबंदकाठचा
सगळ्यांचे आभार. काल परे टाकले, म्हणजे रोपांसाठी बी पेरलं. दोन एकर एचएमटीच, घरचंच बियाणं आहे अन् आईले दुसरा भात उतरत नाही. एका एकरात 1010, खर्च बजेटात बसला. पट्टे सगळीकडं सोडीन, युरिया तीन हप्त्यांत.

देवरीकर
दोन एकर एचएमटी? मागच्या वर्षीचं विसरले का?

चुलबंदकाठचा
विसरलो नाही जी. म्हणून तर तिसऱ्या एकरात नाही लावली.

लोंबी 2
धागा वाचला नाही पूर्ण. धानाचा बोनस जमा झाला का कोणाचा?