मदत हवी आहे: डुकरांचं एबीओ (रक्तगट ठरवणारं) जनुक आणि आतड्यातले जिवाणू, आईचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

२०२२ मध्ये चीनमधल्या डुकरांवर दाखवलं गेलं की एबीओ जनुकातला २.३ किलोबेसचा (सुमारे २,३०० डीएनए अक्षरांचा) तुकडा गळालेला असला की आतड्यात गॅलनॅक (एन-अॅसिटिल-गॅलॅक्टोसामाइन) ही साखर कमी होते आणि एरिसिपेलोट्रिकेसी कुळातले काही जिवाणू घटतात. तेच लार्ज व्हाइट जातीच्या संकरित पिल्लांत तपासतोय. पीसीआर (जनुकाचा प्रकार ओळखायला) आणि विष्ठेचं १६एस सिक्वेन्सिंग (कोणते जिवाणू किती ते कळायला) झालंय. खाद्य सगळ्यांना एकच, अँटिबायोटिक नाही.

घोळ असा की एका डुकरिणीची पिल्लं एकाच कप्प्यात वाढलीत. संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये आई रँडम इफेक्ट म्हणून (म्हणजे आईनुसार पडणारा फरक वेगळा धरून) घातली की जनुकाचा परिणाम जवळपास गायब! पिल्लं दूध तुटलेली, त्यामुळे आता दुसऱ्या डुकरिणीखाली लावता येणार नाहीत.

काही वेतांत एए, एओ, ओओ (ओ म्हणजे तुकडा गळालेली प्रत) अशी तिन्ही प्रकारची भावंडं आहेत. फक्त त्यांचीच आपसात तुलना करू, की सगळी वेतं ठेवून नातेसंबंधांचं मॅट्रिक्सही (कोणतं पिल्लू कोणाशी किती जवळच्या नात्याचं, याचा तक्ता) मॉडेलमध्ये घालू?