कोयता, खुकरी की विकतची मॅशेटी? कणकुंबीकडं भटकायला काय घेऊ?

टिळकवाडीचा_भटक्या
मंडळी, आम्ही चौघं सुट्टीत बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबी बाजूला जातो. एका मित्राची तिथं मालकीची जागा आहे, बांबूची दोन बेटं आणि मागं सगळी कारवीची झुडपं. यंदा तंबू न नेता आडोसा स्वतः करून दोन रात्री काढायच्यात. फांद्या तोडायला आणि ओलं जळण फोडायला एकच मोठं हत्यार हवंय. ऑनलाइन 18 इंची मॅशेटी (लांब, पातळ पात्याचा विदेशी कोयता) बघितली, 10 इंची पात्याची खुकरीही बघितली. घरचे म्हणतात, कोयता घे की गप. सॅक आधीच 12 किलोची झालीय, खिशात दोन हजार आहेत. काय करू?

गॅरेजवाले_काका
घरच्यांचं ऐक.

माझं खानापुरात गॅरेज हाय, गाड्यांचे कमानपाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) काढण्या-बसवण्यात तीस वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात भाच्यानं ऑनलाइन असलंच एक काळं हत्यार मागवलं. पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र, बघायला एकदम झकास. ऐनाचं वाळलं लाकूड फोडताना चौथ्या घावाला पातं मुठीतून सुटलं आणि माझ्या कानाजवळनं गेलं. मूठ फोडून बघितली तर आत बोटभर लांबीची, पेन्सिलीएवढी शेपटी. म्हणून आधी हे बघ, पात्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत जाते का. आपल्या लोहाराकडच्या कोयत्यात ती आरपार जाऊन मागं वळवलेली असते, पुढं मुठीच्या तोंडाला लोखंडी साम, म्हणजे कडी, असते. म्हणून तो हलत नाही.

मॅशेटी वाईट नाही, पण पातं दोन-तीन मिलिमीटरचं. गवत, वेली, कारवी सपासप जाते. मनगटाएवढ्या फांदीवर मात्र ती नुसती झणझणते, आणि 18 इंच लांब म्हणून झाडीत अडकते ते वेगळंच.

कोयता तयार घेऊ नको, करून घे. जीपचा नाहीतर टेम्पोचा पाटा मिळव. ट्रकचा जाड असतो, तो ठोकून पातळ करताना लोहाराचा जीव जातो आणि शेवटी कोयता जडच राहतो. आणि मोडलेला पाटा फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. मधल्या बोल्टच्या भोकापाशी बारीक तडे गेलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत, पाणी पाजलं, म्हणजे पातं तापवून विझवून कडक केलं, की उघडतात. पाटा सलग बघून टोकाकडचा तुकडा घे.

पातं 9 इंचाच्या आत, पाठ 5 मिलिमीटर. नाक थोडंच वळवायला सांग. फार वळवलंस तर पाठीवर दांडकं ठोकून लाकूड फोडता येत नाही. अगदी सरळ ठेवलंस तर प्रत्येक चुकीच्या घावाला टोक जांभ्या दगडावर आपटतं. पाणी फक्त धारेकडच्या बोटभर पट्टीला, पाठ मऊच राहू दे. कमानपाट्याचं पोलाद थंड पाण्यात तडकतं, म्हणून तेलात विझवायला सांग. लोहार हसेल, हसू दे. मग धार किंचित परत तापवून कडकपणा उतरवून घे. तिथंच कानस फिरवून बघ. नुसती घसरली तर धार फार कडक, तुकडे उडतील. लोण्यासारखी लागली तर पाणी बसलंच नाही. जरा जोर लावून थोडं थोडं खरवडलं पाहिजे.

मूठ बाभळीची, शेवटाला फुगीर. पावसात हात घसरतो. माझ्या डाव्या नडगीवर चार टाके त्याचेच.

माजी_मराठा
फौजेत खुकरी वापरलीय, तिला कमी लेखू नका. वजन पुढं असल्यानं घाव आपोआप बसतो. पण म्यानातनं काढताना बोटं धारेच्या बाजूला गुंडाळू नको. चामडं कापून पातं बोटात शिरतं. नव्या माणसाचं हे हमखास होतं.

दुसरं म्हणजे शस्त्र नियम. 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्यांच्या यादीत खुकरीचं नाव घालून उल्लेख आहे. शेतीच्या अवजारांना त्यातनं वगळलंय. तरी रात्री चौकात गाडी अडवून विचारलं, तर नियम वाचून दाखवायला लागू नकोस. पोत्यात गुंडाळून सॅकच्या तळाला ठेव.

आणि मित्राच्या जागेतनं भीमगडकडं सरकू नका. 2011 पासून ते अभयारण्य आहे. तिथं लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत हत्यार म्हणजे चाकूसुद्धा.

कणकुंबीची_सून
सगळे पात्यावरच बोलताय, तोडायचं कसं ते कोण सांगणार? आम्ही रोज बेटात जातो. बांबूला आडवा घाव घातलास तर पातं चिकटून बसतं. तिरका घाल, वरनं खाली, आणि पाय घावाच्या रेषेत ठेवू नकोस. मग राहिलेला बुडखा पेराजवळ सपाट कर. तिरका सोडलास तर भाल्यासारखा उभा राहतो. आमच्या म्हशीच्या पायात गेलाय, म्हणून सांगते.

ओल्या जळणाचं म्हणाल तर वरची साल आणि दोन बोटं लाकूड काढून टाक, आतला गाभा कोरडा असतो. आणि संध्याकाळी कोयता पुसून खोबरेल लाव. आमच्याकडच्या पावसात एका रात्रीत तांबूस होतो.

टिळकवाडीचा_भटक्या
ठरलं, कोयताच. काका, जीपचा पाटा कुठं मिळेल?

गॅरेजवाले_काका
माझ्याकडं एक पडलाय, सलग हाय. मंगळवारी ये, लोहाराकडं मीच घेऊन जातो, नाहीतर तो तुला तयार मालच गळ्यात मारेल. येताना जाड पोतं आण. परत जाताना बसमध्ये उघडा कोयता घेऊन चढलास तर कंडक्टर खाली उतरवेल, आणि पुढची बस कधी यायची ते तुला ठाऊकच हाय.