वस्तीतल्या बातम्या वेळेवर कळायच्या कशा, आणि समितीत न अडकता हातभार कसा लावायचा?

खिडकीपाशी यांचा प्रश्न:

नव्या वस्तीत राहायला येऊन बरेच महिने झाले. इथले दोन ग्रुप आहेत, दोन्हींवर मी आहे. तरी आमचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदणार हे मला कळलं ते सकाळी गाडी काढायला गेले आणि फाटकासमोर चर दिसला तेव्हा. मग ग्रुपवर मागे मागे जाऊन पाहिलं, तर सूचना आली होती. पण तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि एका हरवलेल्या मांजराची चर्चा यांचा थर बसलेला. (मांजर सापडलं.)

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, कामाच्या बातम्या वेळेत मिळवायच्या कशा? दुसरं, मला काहीतरी करायची इच्छा आहे, पण इथल्या समितीची एक बैठक बघून आले आणि सबंध वेळ मागच्या बैठकीचं इतिवृत्त कुणी बदललं यावर वाद चालला होता. त्यात पडायचं नाही. मग करायचं काय?

अर्धवेळ_घरी:

ग्रुपवर बातमी जन्माला येत नाही, तिथे ती थकूनभागून पोहोचते. मूळ कागद बघत जा. रस्ता खोदायचा तर आधी कुणाची तरी परवानगी लागते, मोठं काम असेल तर निविदा निघते, आणि पालिकेच्या सभेची विषयपत्रिका सभेच्या आधी जाहीर होते. कंटाळवाणी असते, मान्य. पण तिच्यात आपल्या रस्त्याचं नाव शोधायला कितीसा वेळ लागतो?

आणखी एक. डांबरावर रंगाच्या फवाऱ्याने काढलेले बाण आणि आकडे दिसले की समजायचं, खालच्या वाहिन्या कुठून जातात ते कुणीतरी तपासून गेलंय. खोदकाम जवळ आलं. अशा वेळी पहाटे रस्ता झाडणाऱ्यांना विचारा, त्यांना आपल्या आधी माहीत असतं.

फळा_आणि_खडू:

वरचं सगळं बरोबर, पण विषयपत्रिका वाचायला हजारात एखादा बसतो. तो एखादा तुम्ही व्हा आणि वाचलेलं बाकीच्यांना कळवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं.

मी आमच्या भागात महिन्याला एक पान काढते. कागदी. इमारतींच्या तळमजल्यावर, बसथांब्याजवळच्या फलकावर आणि वाचनालयात ते लागतं. ग्रुपवरही टाकते, पण फोटो टाकत नाही, मजकूर टाइप करून टाकते. फोटोतली अक्षरं नंतर शोधता येत नाहीत. लोक विचारतात, आजच्या काळात कागद कशाला? अहो, ग्रुपवर नसलेली माणसं किती असतात बघा. भाडेकरूंना कुणी घेतलेलं नसतं, घरकामाला येणाऱ्या बायकांना तर नाहीच, आणि म्हाताऱ्या माणसांचा फोन बोलण्यापुरता. पाणी बंद झालं की त्यांचंही होतंच ना.

बातमी लिहायची ती अशी: काय होणार, कुठून कुठपर्यंत, कधीपासून कधीपर्यंत, हे कुणाकडून कळलं, आणि अडलं तर विचारायचं कुणाला. ‘मेन रोड’ असं लिहायचं नाही, प्रत्येकाचा मेन रोड निराळा असतो. चौकांची नावं घालायची. ‘कुणाकडून कळलं’ ही जागा रिकामी राहिली तर बातमी पानात जात नाही, मग सांगणारा कितीही वजनदार असो. या एका अटीने अर्धा मजकूर आपोआप गळतो. सगळी ‘म्हणे’वाली मंडळी माझ्यावर रागावून असतात, पण पान एका पानात मावतं.

सगळ्यात जास्त वाचला जातो तो खालचा कोपरा. ‘मागच्या महिन्याचं काय झालं’. रस्त्यावरचा दिवा बंद होता तर खांबाचा क्रमांक, तक्रार कधी केली ती तारीख, आणि पुढे ‘लागला’ किंवा ‘नाही’. शेरा मारायचा नाही, टोमणा तर अजिबात नाही. एकाच खांबापुढे ओळीने ‘नाही’ छापून यायला लागलं की तो कागद घेऊन कार्यालयात जाणारं कुणीतरी निघतंच. मला जावं लागत नाही.

आता समितीबद्दल. बॉस्टन शहरात वेस्ट एंड नावाची वस्ती होती. शहर सुधारणेच्या नावाखाली १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती जवळजवळ सगळी पाडली. तिथले लोक एकमेकांना घट्ट धरून राहणारे, तरीही एकजुटीचा विरोध उभा राहू शकला नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये त्याचं एक संभाव्य कारण मांडलं. प्रत्येकाचं आपापल्या गोतावळ्यात छान जमत होतं, पण एका गोतावळ्यातून दुसऱ्यात जाणारी तोंडओळखीची माणसंच पुरेशी नव्हती. त्यामुळे पुढाकार घेणाऱ्यावर बाकीच्यांनी विश्वास तरी कशावर ठेवायचा? त्याला ओळखणारं आपल्यातलं कुणीच नाही.

हे वाचल्यापासून मला समितीतल्या खुर्च्यांचं कौतुक उरलं नाही. कुत्री फिरवणारे, शाळेच्या फाटकाशी ताटकळणारे पालक, गच्चीवर झाडं लावणारे, संध्याकाळी बाकांवर बसणारे. या सगळ्यांत ये-जा असणारा माणूस लागतो. नव्या माणसाला ते सोपं जातं, कारण त्याला अजून कुणी ‘त्यांच्यातला’ ठरवलेलं नसतं. तुमचे हे पहिले महिने म्हणून मोलाचे आहेत, बैठकांत घालवू नका.

आणि काम घ्याल ते शेवट असलेलं घ्या. ‘स्वच्छता उपसमितीचे सदस्यत्व’ नको. ‘या दोन चौकांमधल्या बंद दिव्यांची यादी, रविवारपर्यंत’ चालेल.

जाळीचं_दार:

पान वगैरे ठीक आहे हो. पण निर्णय आधीच झालेले असतात. ‘लोकसहभागा’ची बैठक बोलावतात, भिंतीवर नकाशा, तोही रंगवून पक्का केलेला. आपण सूचना सांगायच्या, त्या वहीत लिहितात, वही कपाटात जाते. शेरी आर्न्स्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यात सल्लामसलत चौथ्या पायरीवर आहे, आणि तिची गणना त्यांनी देखाव्यात केलीय. आमच्या बैठका त्याच पायरीवर मुक्कामाला आहेत.

फळा_आणि_खडू:

जाळीचं_दार, वाद नाही. पण त्याच शिडीवर तिसऱ्या पायरीला माहिती देणं आहे. तेही देखाव्यातच मोडतं, तरी खऱ्या सहभागाकडे जाणारं ते सर्वांत महत्त्वाचं पहिलं पाऊल ठरू शकतं, असं आर्न्स्टाइनबाईच म्हणतात. त्यांची तक्रार होती ती माहिती वरून खाली एकाच दिशेने येते आणि आराखडा ठरत आल्यावर येते याबद्दल. म्हणजे घोडं अडतं ते माहिती कधी मिळते यापाशी.

म्हणून मी अशा बैठकीत सूचना सांगत बसत नाही. एकच विचारते: यातलं काय अजून बदलू शकतं, आणि कुठल्या तारखेपर्यंत? उत्तर मिळालं की ते पानात. ‘आता काहीच बदलणार नाही’ असं उत्तर आलं तर तेही पानात, उत्तर देणाऱ्याच्या हुद्द्यासह. हे छापून येणार म्हटल्यावर उत्तरं जरा विचार करून दिली जातात, असा माझा अनुभव.

रात्रपाळी:

थोडं वेगळं. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली, त्यात ७०० हून अधिक माणसं दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या लागून असलेल्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी आणि एकटी राहणारी वृद्ध माणसं, पण मृत्यूचं प्रमाण पहिलीत कितीतरी जास्त. दुसरीत रस्ते गजबजलेले होते, म्हातारी माणसं बाहेर पडायची, कुणाच्या तरी नजरेस पडायची. पहिलीत वस्ती विरळ झालेली, रिकामे भूखंड, दाराबाहेर जायची भीती.

खिडकीपाशी, तुम्हाला बैठका नको असतील तर हे बघा. आम्ही एकट्या राहणाऱ्यांची यादी करत नाही, अशी यादी चुकीच्या हाती गेली तर धोका. आपल्याच जिन्यातल्या दोन दारांशी रोज जाता-येता दोन शब्द बोलायचे. कुणी सभासद नाही, ग्रुप नाही.

खिडकीपाशी:

सगळ्यांचे आभार. फळाताई, एक विचारते. आमच्या ग्रुपवर सगळ्यात वेगाने पसरतं ते म्हणजे ‘हा माणूस संशयास्पद वाटतो’ आणि खाली कॅमेऱ्यातला फोटो. परवा ज्याचा फोटो फिरला तो मीटर बघायला आलेला होता. पान काढलं तर लोक म्हणणार, हे पण छापा. सुरक्षेची बातमीच ना ती.

फळा_आणि_खडू:

छापायचं नाही. ग्रुपवर मात्र तुम्हाला ते नुसतं ‘नको’ म्हणून थांबवता येणार नाही, तिथे ठरावीक प्रश्नांची उत्तरं भरून घेणारा अर्ज ठेवावा लागतो. अमेरिकेत नेक्स्टडोअर या शेजाऱ्यांसाठीच्या संकेतस्थळावर हेच चाललं होतं, कृष्णवर्णीय माणूस दिसला की नोंद. २०१६ मध्ये त्यांनी नोंद करायचा अर्जच बदलला. तो माणूस नेमकं करत काय होता हे लिहायला लावलं, आणि वंशाचा उल्लेख केला तर कपडे, केस, चपला अशा इतर खुणाही मागितल्या. चाचणीत वंशावरून होणाऱ्या नोंदी ७५ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनीच सांगितलं. लोक एका रात्रीत सुधारले म्हणून नव्हे हो, ‘काय करत होता’ याचं उत्तर लिहिता येईना म्हणून.

तुमच्या ॲडमिनला एवढं मान्य करायला लावा: ‘तो काय करत होता’ हे एका वाक्यात आल्याशिवाय फोटो नाही. ‘उभा होता’ हे चालणार नाही. आणि खरंच कुणी कुलूप तोडताना दिसला तर ग्रुपवर टाइप करत बसायचं नसतं, पोलिसांना फोन करायचा असतो.

खिडकीपाशी:

पटलं. दिव्यांच्या यादीपासून सुरुवात करते. पानाला नाव काय देऊ?

फळा_आणि_खडू:

इतक्यात नाव नको. नाव दिलं की बोधचिन्ह येतं आणि त्यामागून संपादक मंडळ येतं. वर फक्त महिना लिहा आणि कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंतचं पान आहे ते. अक्षर मोठं ठेवा, हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता यायला हवं. कुणाचा खासगी फोन नंबर छापू नका, तुमचाही नाही. आणि खांबांचे क्रमांक दिवसा टिपून घ्या. रात्री दिवा बंद असलेल्या खांबावरचा आकडा वाचायला जाल तर तो दिसणार कसा?