मदत हवी आहे: कबड्डीत डोक्याचा मार मोजणारा सेन्सर १६ जीवरच अडकतो

प्रशिक्षक_सोलापूर
१५ ते १७ वयाच्या मुलांच्या सरावासाठी हेडबँडमध्ये ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर) आणि एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारा सेन्सर) बसवलंय. टक्कर झाली की आलेख १६ जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेलं त्वरण) सपाट होतो. उलट, नुसता बँड सरकला तरी मोठा आकडा येतो. किती जीच्या पुढे लाल दिवा लावू? खाली असेल तर हिरवा लागतो.

सर्किटवाला
सर, सेन्सर बिघडलेला नाही, त्याची मर्यादाच ±१६ जी आहे. डोक्याला गुडघा लागला तर मार त्याच्या कितीतरी पट जातो. एडीएक्सएल३७५ घ्या, तो ±२०० जी मोजतो. ३२०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३२०० नोंदींवर चालवा. टक्कर १०-१५ मिलिसेकंदांत आटोपते, १०० हर्ट्झवर तिच्या एक-दोनच नोंदी हाती लागतील. या वेगाला आय-टू-सी ही सेन्सरची जोडणी पुरत नाही. एसपीआय ही जास्त वेगाची जोडणी घ्या, निदान २ मेगाहर्ट्झ. सेन्सरच्या फिफोत (आतल्या तात्पुरत्या साठ्यात) ३२ नोंदी मावतात, म्हणजे जेमतेम १० मिलिसेकंद. वेळेत रिकामा केला नाही तर नेमकं शिखरच हुकतं. एसडी कार्डवर थेट लिहू नका, लिहिताना ते मधेच अडतं. रॅममध्ये गोल बफर (भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिणारा साठा) ठेवा, माराआधीचे २० आणि नंतरचे ८० मिलिसेकंद राखा, मग सावकाश उतरवा.

जुना एमपीयू काढू नका. मेंदूला पीळ बसतो तो डोकं गर्रकन फिरल्याने, आणि ते त्यातला जायरोच (फिरण्याचा वेग मोजणारा भाग) सांगतो.

मैदानातला_डॉक्टर
बँड कवटीला जखडलेला नसतो, त्यात सोलापूरचा उन्हाळा. घामाने तो सरकणारच. वरच्या दातांवर घट्ट बसणारा माउथगार्ड जास्त खरं मोजतो, पण घरी जोडलेली लिथियम बॅटरी मुलाच्या तोंडात मुळीच नको. बँड सरावापुरताच ठेवा (टणक डबी समोरच्यालाही लागते) आणि प्रत्येक नोंद मोबाइलच्या व्हिडिओशी ताडून बघा.

आता मुख्य प्रश्न. इतके जी म्हणजे कन्कशन (माराने मेंदूला बसलेला धक्का), असा आकडाच नाही. एवढ्याच माराने एकाला काही होत नाही, दुसरा बरळायला लागतो. झोक जाणं, शून्य नजर, स्कोअर न आठवणं, डोकं दुखणं, मळमळ, यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद. सीआरटी६ हा कन्कशन ओळखण्यासाठीचा तपासणीचा कागद मोफत मिळतो, छापून जवळ ठेवा. उलट्या, मान दुखणं, झटके, शुद्ध हरपणं, हातपाय बधिर होणं: मान न हलवता १०८ ला फोन. नंतर २४ ते ४८ तास हलकी विश्रांती, मग पायरीपायरीने सराव. पकडी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

प्रशिक्षक_सोलापूर
मग दिवे काढूनच टाकू का?

मैदानातला_डॉक्टर
लाल राहू द्या, त्याचा अर्थ ‘थांबवा आणि तपासा’ एवढाच. हिरवा मात्र आजच काढा. तो बघून मुलगा स्वतःच म्हणेल, सर, मी ठीक आहे.