परीक्षा आणि स्पर्धा एकाच महिन्यात, टायमिंग घसरतंय

चारशे_वाली:
मी ४०० मीटर पळते. सकाळी ग्राउंड, मग कॉलेज, संध्याकाळी परत ग्राउंड, रात्री साडेनऊला पुस्तक उघडलं की एकच ओळ चार वेळा वाचते आणि तशीच झोप लागते, उठते तेव्हा गालावर वहीच्या स्पायरलचे वळ. शेवटचा पेपर आणि स्पर्धा यात फक्त १२ दिवस आहेत. परवा शेवटच्या १०० मीटरला पाय उचलेचनात. सर म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात अभ्यास नाही. रात्री एकपर्यंत जागू का? तुम्ही कसं जमवता?

जुना_स्विमर:
जागू नकोस गं. मी कॉफी पिऊन जागायचो आणि पेपरात वाचलेलं काही आठवायचं नाही. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप लागतेच. आणि पाय जड होण्यात सगळा दोष पायांचा नसतो. २००९ साली मार्कोरा वगैरे संशोधकांनी लोकांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम देऊन मग सायकल मारायला लावली, तर ते एरवीपेक्षा लवकर थकले, हृदय वगैरे नीट चालू होतं पण तेवढीच मेहनत जास्त वाटत होती. त्यामुळे हार्ड सेशनच्या आधी गणितं सोडवत बसू नकोस. रात्री नुसतं वाचण्यापेक्षा वही मिटून आठवेल तेवढं कागदावर लिही, २० मिनिटं पुरतात.

गोलकीपरची_आई:
सरांना परीक्षेचं वेळापत्रक दिलंस का? आमच्या चिरंजीवांनी दिलं नव्हतं, पेपरांच्या आठवड्यातच हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेला. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या १०१ कॉलेज खेळाडूंवरचा २०१६ चा एक अभ्यास आहे, त्यातही परीक्षेच्या आठवड्यांत दुखापती वाढलेल्या दिसल्या. ताण पेपरचा असो नाहीतर ट्रॅकचा, शरीर एकच आहे बाळा.

चारशे_वाली:
नाही दिलं काकू. रिलेतून काढतील अशी भीती वाटते, आधीच एक जण माझ्या जागेवर टपून आहे.

जुना_स्विमर:
न सांगता टायमिंग घसरत राहिलं तर तसंही काढतीलच ना. तारखा कळल्या की सर त्या आठवड्यात रिपीट्स (तेच अंतर पुन्हापुन्हा पळणं) कमी करू शकतात, स्पीड तेवढाच ठेवून. स्पर्धेआधी टेपरमध्ये, म्हणजे सराव हळूहळू कमी करताना, तेच तर करतो आपण.

चारशे_वाली:
आज दिलं. सरांनी मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला, मंगळवारचे रिपीट्स सहाचे तीन केले. रिलेबद्दल काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.