मदत हवी आहे: रोज चालून अख्खं शहर पालथं घालायचंय, आखणी कशी करू?

नमस्कार मंडळी,

रोज दहा हजार पावलांचं चॅलेंज घेतलंय आणि ते व्यवस्थित चालू आहे, पण बरेच दिवस एक गोष्ट खटकतेय. आकडा पूर्ण करायचा म्हटलं की पाय आपोआप त्याच बागेकडे वळतात, कारण तिथे किती फेऱ्यांत किती पावलं होतात ते पाठ झालंय. आणि ज्या शहरात लहानाची मोठी झाले त्याचे निम्मे रस्ते मी फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेत, उरलेल्यांपैकी बऱ्याच रस्त्यांवर तर कधी गेलेच नाही. म्हणून आता चॅलेंजच बदलायचं ठरवलंय, पावलं मोजायच्या ऐवजी रस्ते मोजायचे. शहरातला प्रत्येक सार्वजनिक रस्ता, गल्ली, बोळ एकदा तरी पायी जायचा, कितीही वर्षं लागू देत.

असं करणारे लोक आहेत हे माहितीये. न्यूयॉर्कमध्ये मॅट ग्रीन नावाच्या माणसाने २०११ च्या अखेरीस सगळे रस्ते चालायला सुरुवात केली, आठ हजार मैलांच्या पुढे गेला तो. त्याच शहरात विल्यम हेल्मराइक हे समाजशास्त्राचे प्राध्यापक सुमारे सहा हजार मैल चालले, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत. हे वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. पण मला नोकरी सांभाळून रोज तास-सव्वा तासच मिळतो, सुट्टीला थोडा जास्त.

तर जाणकारांनी कृपया सांगा. एक म्हणजे रोजचा मार्ग कसा आखायचा, कारण मी कागदावर एक वस्ती घेऊन बघितली तर कुठूनही सुरुवात केली तरी काही गल्ल्या दोनदा चालाव्याच लागतात, हे टाळता येतं का? दुसरं म्हणजे कुठले रस्ते झाले याची नोंद कशात ठेवायची, फोनचा जीपीएस अरुंद गल्लीत भलतीकडेच रेघ ओढतो. आणि तिसरं, रोजचं चॅलेंज म्हटलं की एखादा दिवस चुकला की मन खट्टू होतं, त्यासाठी नियम काय ठेवावेत? एकटीने अनोळखी भागात फिरण्याबद्दल काही सांगता आलं तर तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर गणितात फार सुंदर काम झालंय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

१७३६ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचं कोडं सोडवलं होतं, प्रत्येक पूल एकदाच ओलांडून शहर फिरता येईल का असं ते कोडं, आणि उत्तर होतं नाही. कारण साधं आहे. चार रस्ते मिळतात त्या चौकात तुम्ही एका रस्त्याने येता दुसऱ्याने जाता, परत तिसऱ्याने येता चौथ्याने जाता, हिशोब जुळतो. पण तिठ्यावर एकाने आलात, दुसऱ्याने गेलात, तिसऱ्याने परत आलात की बाहेर पडायला न चाललेला रस्ताच उरत नाही. बंद गल्लीच्या टोकाला तर एकच रस्ता, ती जाऊन-येऊन दोनदा होणारच. म्हणजे जिथे विषम संख्येने रस्ते मिळतात ती सगळी ठिकाणं अडचणीची. कागदावर तुमचं जमत नव्हतं ते त्या वस्तीत तिठे आणि बंद गल्ल्या असल्यामुळे, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

मग प्रश्न उरतो तो कमीत कमी रस्ते दोनदा चालण्याचा. ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने १९६० मध्ये हाच प्रश्न टपाल वाटणाऱ्या पोस्टमनसाठी मांडला होता. तुम्हाला कॉम्प्युटर नको, पेन्सिल पुरे. वस्तीच्या नकाशावर विषम ठिकाणांना गोल करा, मग जवळजवळच्या दोन-दोन गोलांच्या जोड्या लावा आणि त्यांच्यामधला छोटा तुकडा दोनदा चालायचा असं आधीच मान्य करून टाका, बाकी सगळं एकदाच होईल. आणि यातली खरी युक्ती अशी की जिथून निघालो तिथेच परत यायची सक्ती सोडून द्यायची. एका विषम ठिकाणी सुरुवात आणि दुसऱ्या विषम ठिकाणी शेवट केला तर एका जोडीची पुनरावृत्ती वाचते. त्या दोन्ही टोकांना बसथांबा किंवा स्टेशन जवळ असेल असं बघा, मी नेहमी तसंच करतो.

शहराचे तुकडे पाडताना वॉर्डाच्या हद्दी घेऊ नका, त्या जमिनीवर दिसत नाहीत. नदी, रेल्वेलाइन, मोठे हमरस्ते यांनी जे भाग आपोआप वेगळे पडतात ते घ्या. तासाभरात साधारण चार-पाच किलोमीटर होतात, त्यात नवे रस्ते किती बसतात ते चार दिवसांत अंदाजाने कळायला लागतं.

प्रतिसाद

नोंदीबद्दल. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर चालणारी सिटीस्ट्राइड्स नावाची साइट नेमकी यासाठीच आहे, तुमचे जीपीएस ट्रॅक, म्हणजे फोनने नोंदवलेल्या चालण्याच्या रेघा, जोडले की कुठले रस्ते पूर्ण झाले ते ती दाखवते. वॉन्डरर ही साइट पण तशीच आहे, तिथे नव्याने चाललेलं अंतर मोजलं जातं. हे दोन्ही नको असेल तर रोजचा ट्रॅक जीपीएक्स फाइलमध्ये (ट्रॅक साठवायचा नेहमीचा फाइल प्रकार) सेव्ह करा आणि यूमॅप या स्वतःचा नकाशा बनवायच्या साइटवर एकाच नकाशात टाकत जा. मला हेच जास्त आवडतं कारण डेटा आपल्या हातात राहतो, उद्या एखादं ॲप बंद पडलं तरी फाइली आपल्याकडे असतात.

जीपीएसचं म्हणाल तर मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतो, पण उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि शेजारशेजारच्या दोन गल्ल्यांमध्ये त्याचा गोंधळ होतो. निघायच्या आधी मोकळ्या जागी थोडं थांबून लोकेशन स्थिर होऊ द्या, फोन बॅगेच्या तळाशी ठेवू नका, आणि सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, कारण पुष्कळ फोन स्क्रीन बंद झाली की ॲपच झोपवतात आणि मधला अर्धा तास गायब होतो. तरी शंका राहिली तर गल्लीच्या तोंडाशी एक फोटो काढून ठेवा, वेळेवरून नंतर जुळवता येतं.

अजून एक, ज्या गल्ल्या नकाशात नाहीत त्या या साइट्सच्या हिशोबातही येत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून लोकांनीच भरलेला नकाशा आहे, तिथे अकाउंट काढून राहिलेला बोळ तुम्ही स्वतः टाकू शकता. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते चालता चालता छोटे प्रश्न विचारतं, इथे फुटपाथ आहे का, रस्ता डांबरी आहे का, दिवे आहेत का. आपल्यामागून चालणाऱ्याला याचा खरंच उपयोग होतो, व्हीलचेअरवाल्यांना तर फारच.

प्रतिसाद

एकटीने फिरण्याबद्दल एक बाई म्हणून सांगते. नवीन गल्ल्या दिवसाउजेडी आणि अंधारात फक्त ओळखीचे रस्ते, हा नियम मी कधीच मोडत नाही. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन एक तास किंवा आठ तास शेअर करता येतं, घरच्या एका माणसाला ते पाठवून निघते. एखाद्या ठिकाणी मनाला बरं वाटलं नाही तर सरळ मागे फिरायचं, ती गल्ली दुसऱ्या वेळी कुणाला तरी सोबत घेऊन होते. कुंपणातल्या खासगी कॉलन्या यादीतून काढूनच टाका, सार्वजनिक रस्ता म्हणजे सार्वजनिकच.

आणि ट्रॅक सगळ्यांना दिसेल असा टाकत असाल तर घराजवळची सुरुवात-शेवट लपवा, स्ट्राव्हा या चालणं-धावणं नोंदवायच्या ॲपमध्ये ती सोय आहे. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरून, म्हणजे सगळ्यांचे ट्रॅक एकत्र दाखवणाऱ्या नकाशावरून, लष्करी तळांचे नकाशे उघडे पडले होते, एकत्र केलेल्या रेघांमधूनही एवढं कळतं. रोज एकाच वेळी एकाच दारातून निघणाऱ्या बाईबद्दल तर त्याहून सहज कळेल, म्हणून हे अजिबात टाळू नका.

प्रतिसाद

दिवस चुकण्याबद्दल लिहितो. दहा हजार हा आकडा मुळात संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात मानपो-केई नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मीटर. नंतर २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांवरचा अभ्यास आला, त्यात दिवसाला साधारण साडेसात हजार पावलांपर्यंत मृत्यूचा धोका कमी होत गेलेला दिसला, त्यापुढे फरक जवळपास थांबला. ते सरासरी बहात्तर वर्षांच्या बायकांचं आहे त्यामुळे जसंच्या तसं स्वतःला लावू नका, पण आकड्याला एवढं चिकटून राहायची गरज नाही हे त्यातून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर आठवड्याचीच आहे, १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम. तेव्हा हिशोब आठवड्याचा ठेवा. रोज बाहेर पडायचं, पण नवे रस्ते आठवड्यातून तीन-चार दिवस, बाकी दिवशी जिथे जाल तिथे, आणि आजारपणाचा दिवस हिशोबात धरायचाच नाही.

पायांकडे लक्ष असू द्या. सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलांना टाच ठणकत असेल तर अंतर लगेच कमी करा, तसंच रेटलं तर ते महिनोन् महिने जात नाही. सिमेंटच्या रस्त्यावर रोज चालणार असाल तर तळ झिजलेले बूट वेळेवर बदला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तिठ्यांचं गणित वाचून लगेच पेन्सिल घेऊन बसले, पहिल्या वस्तीत बंद गल्ल्या सोडल्या तर जोड्या खूपच जवळजवळ लागल्या. आठवड्याचा हिशोब पण पटला, तसंच करणार. एकच राहिलं, रुंद रस्ता असेल तर दोन्ही बाजूंनी चालायचा की एकदाच पुरे?

प्रतिसाद

मधे दुभाजक असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या धरा, ओपनस्ट्रीटमॅपवर पण त्या दोन वेगळ्या रेघा असतात. नसेल तर एकदाच. मात्र ज्या रस्त्यावर जुन्या इमारती आहेत तिथे समोरच्या फुटपाथवरून चाला, पायथ्याशी उभं राहून वरचे मजले, सज्जे, बांधकामाचं साल कोरलेलं असतं ते दिसत नाही. आणि रोजच्या नोंदीत रस्त्याच्या नावापुढे एक ओळ लिहा, काय पाहिलं, कुणाशी बोललात. पुढे तीनशे रस्ते झाल्यावर नकाशावरच्या रेघांमधून हे काही आठवणार नाही.